मीटरवरचा मोजा

मोटारसायकल शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी एकच सोहळा बघायला मिळायचा. मास्तर सीटखालच्या कप्प्यातून एक करडा लोकरी मोजा काढायचे, मीटरच्या गोल तोंडावर तो चढवायचे, मागून सुतळीने आवळायचे आणि म्हणायचे, "इंजिन ऐक." ज्याला आकडे बघायची हौस असेल त्याने घरी जाऊन घड्याळ बघत बसावं, असा त्यांचा खाक्या होता. त्यावरून त्यांना मोजेमास्तर हे नाव पडलं. मोजे फाटत गेले, बदलत गेले, नाव मात्र एकदाच शिवलेलं टिकलं.

मास्तर पूर्वी एका मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये नोकरीला होते. मालकाने दुचाकी शिकवणं बंद केलं तेव्हा तिथली जुनी चार गिअरची गाडी त्यांनी आपल्याकडे घेतली आणि बंद पडलेल्या साबणाच्या कारखान्यामागच्या मैदानात स्वतःचा वर्ग सुरू केला. शिकणाऱ्याला पुढे बसवायचं, आपण मागे बसायचं आणि कान इंजिनाला लावायचे. वरचा गिअर टाकायची वेळ झाली की शिकणाऱ्याच्या उजव्या खांद्यावर बोट टेकायचं, खालचा हवा असेल तर डाव्या. सोबत तोंडाचा पट्टा चालूच. "रडवू नकोस तिला." "दमली बघ, उतर एक खाली." "आता कशी खुशीत आली!" गाडीबद्दल ते जितक्या मायेने बोलत तितकं घरातल्या कुणाबद्दल बोलले असते तर बायकोने आरती ओवाळली असती.

त्यांचा कान होताच तसा. शेजाऱ्यांच्या गाड्या रस्त्यावरून गेल्या तरी घरात बसून ते सांगायचे, की हिची चेन सैल आहे, तिच्या सायलेन्सरला भोक पडलंय. लोक कौतुक करायचे आणि मास्तर मान हलवून ते नाकारल्यासारखं करायचे, पण ऐकत राहायचे. आपल्या कानांचं कौतुक ऐकायला त्यांना मनापासून आवडायचं. आणि गेल्या काही महिन्यांपासून नेमकं तेच ऐकू येईनासं झालं होतं.

सुरुवात दारावरच्या घंटीपासून झाली. मग टेलिव्हिजनवरचे बातम्या देणारे लोक तोंडातल्या तोंडात बोलायला लागले. "ह्यांना माझं ऐकायचंच नसतं," असं बायको लग्नाच्या पहिल्या वर्षापासून म्हणत आली होती आणि ते इतकी वर्षं खरंही होतं. त्यामुळे ते वेगळ्या अर्थाने खरं झालं तेव्हा कुणाच्या लक्षातच आलं नाही. वळण घेऊन झाल्यावरही मास्तरांच्या गाडीचा इंडिकेटर लुकलुकत राहायचा, कारण त्याची टिकटिक त्यांच्यापर्यंत पोचत नव्हती. शेवटी इंजिनही लांब गेलं. मास्तर मग नकळत खालच्याच गिअरमध्ये गाडी पळवायला लागले. तशी ती किंचाळायची आणि किंचाळली की निदान काहीतरी कानावर पडायचं. गाडी तापायला लागली, पेट्रोल प्यायला लागली. मास्तरांनी या कशाचाच कुणाजवळ ब्र काढला नाही. गुडघा दुखतो असं सांगून नवे विद्यार्थी घेणं त्यांनी बंद केलं आणि लोकांनी गुडघ्यासाठी नाना तऱ्हेची तेलं सुचवली.

पण सुनेला गुडघ्याचं कारण देता येईना.

सून एका रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तळघरातल्या खोलीत बसून दिवसभर नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवून तिचा जीव विटला होता. आता तिथल्या मोठ्या बाईंनी तिला घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायचं काम देऊ केलं होतं. उजेडात हिंडायचं, माणसांशी बोलायचं, आणि प्रयोगशाळेची मोटारसायकल दिमतीला. अट एकच होती, पुढच्या महिन्याच्या आत लायसन्स हवं. नवरा जहाजावर नोकरीला, तो वर्षातून एकदा घरी यायचा. आणि घरात साक्षात मोजेमास्तर असताना दुसऱ्याकडे शिकायला जाणं म्हणजे सासऱ्याच्या तोंडाला काळं फासणं. तिने विचारलं तेव्हा मास्तर हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

पहिले काही धडे वाईट गेले. ती पुढे, मास्तर मागे, मीटरवर मोजा. मास्तर कान देऊन बसायचे आणि कानात वारा भरायचा. उजव्या खांद्यावरचं बोट एकतर उशिरा पडायचं नाहीतर भलत्या वेळी. गाडी हिसके द्यायची, मधेच बंद पडायची. सून माफी मागायची, पुन्हा चालू करायची, पुन्हा बंद पडायची. एका संध्याकाळी स्वयंपाकघरात ती सासूला सांगत होती. मास्तर दारात उभे होते आणि तिचं तोंड त्यांच्याकडे होतं, म्हणून त्यांना ते समजलं.

"माझ्या डोक्यातच शिरत नाही हो आई. एवढा माणूस शिकवतोय आणि मी आपली ढिम्म. बाईंना सांगून टाकते, मला तळघरच बरं."

मास्तरांना त्या रात्री जेवण गोड लागलं नाही. पोरगी हुशार होती. तिच्या पायात आणि हातात ताल होता, हे त्यांना पहिल्याच दिवशी दिसलं होतं. चूक त्यांची होती आणि ती स्वतःला मठ्ठ म्हणवून घेत होती. खरं सांगून मोकळं व्हावं, असं त्यांच्या मनात आलं. पण मोजेमास्तरांना ऐकू येत नाही हे वाक्य त्यांनी मनातल्या मनात म्हणून पाहिलं आणि तिथेच ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी मास्तर एकटेच सिग्नलला थांबले असताना शेजारी सामान पोचवणाऱ्या एका माणसाची गाडी येऊन उभी राहिली. तिच्यावर काचेची चपटी पट्टी होती आणि पट्टीवर आकडे उजळले होते. वेग, पेट्रोल, इंजिनाचे फेरे, आणि मधोमध एक मोठा आकडा. त्या माणसाने गिअर टाकला, शून्याचा एक झाला. मास्तर त्या एकच्या आकड्याकडे इतके बघत राहिले, की सिग्नल सुटून मागचे लोक हॉर्न वाजवायला लागले तरी हलले नाहीत. अर्थात हॉर्न त्यांना ऐकू आलेच नव्हते.

सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर डिजिटल मीटरांची रांगच लागली. एक गोल, निळ्या आकड्यांचा. एक लांबट, ज्यात खरा काटा नसून काट्याचं चित्र होतं. एकाला तर चालू करताच इंद्रधनुष्यासारखे रंग फुटायचे. दुकानदार जाडजूड आणि बोलका होता. बोलता बोलता तो खोकी काढायला वळायचा आणि मास्तरांच्या हाती त्याची पाठ लागायची.

"चार गिअरची गाडी आहे की पाच?" तो फळीकडे तोंड करून म्हणाला.

"हो," मास्तर म्हणाले. हल्ली त्यांना अनुभवाने कळलं होतं, की जगातल्या बहुतेक प्रश्नांना हो चालतं.

दुकानदार वळून त्यांच्याकडे बघत राहिला. मास्तरांनी चटकन चार बोटं वर केली.

"काका, हा घ्या. तरुण पोरं हाच नेतात," दुकानदार गोल मीटर पुढे करत म्हणाला.

"असा हातात नको. तुम्ही जरा बाहेर या. उन्हात."

दुकानदार बाहेर आला. मास्तरांनी त्याला फुटपाथवर ठेवलेल्या लोखंडी स्टुलावर बसवलं, मीटरला बॅटरीच्या तारा लावून तो त्याच्या पुढ्यात धरायला लावला आणि आपण त्याच्या मागे, मोटारसायकलवर बसावं तेवढ्या अंतरावर, दुसऱ्या स्टुलावर बसले. मग त्याच्या उजव्या खांद्यावरून मान काढून बघायला लागले. येणारे जाणारे थांबायला लागले. दोन धट्टेकट्टे पुरुष स्टुलांवर एकामागे एक बसून कुठे निघालेत, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

"काका, मीटर पुढे बसणाऱ्यासाठी असतो," दुकानदार मान वळवून म्हणाला.

"मला मागे बसणाऱ्यासाठी हवाय. जरा खांदा खाली घ्या. तुमच्याएवढी रुंद नाही ती."

"कोण ती?"

"सून."

दुकानदाराने पुढे विचारायचं सोडून दिलं. निळे आकडे उन्हात पार विरघळले. इंद्रधनुष्य सावलीत छान होतं, बाहेर काहीच दिसेना. काट्याचं चित्र मास्तरांनी हातानेच बाजूला सारलं. शेवटी एक अगदी साधा, काळ्यावर नारिंगी अक्षरांचा मीटर निघाला. दिसायला गणकयंत्रासारखा रूक्ष, पण गिअरचा आकडा अंगठ्याएवढा आणि भर उन्हातही खांद्यावरून ठसठशीत दिसणारा. मास्तरांनी तो घेतला. दुकानदाराने खोक्याबरोबर एक कागद दिला आणि बसवणाऱ्याला तो नक्की वाचायला सांगा असं बजावलं.

बसवणारा मेकॅनिक मास्तरांचाच जुना विद्यार्थी. एकेकाळी केसांची झुलपं उडवत गाडी शिकला होता, आता डोक्यावर उडवायला काही उरलं नव्हतं. खोकं उघडून त्याने आधी मीटरकडे आणि मग मास्तरांकडे पाहिलं.

"हे तुम्ही आणलंत? तुम्ही? माझ्या डोळ्यांवर मोजा चढवायचं तेवढं बाकी ठेवलं होतंत, आणि आता हे?"

"सूनबाईसाठी," मास्तर म्हणाले. "परीक्षेत विचारतात हल्ली." ही थाप त्यांनी येतानाच घोकून ठेवली होती.

मेकॅनिक कामाला लागला. त्याने हेडलाइट उतरवला, जुना मीटर सोडवला आणि पुढच्या चाकातून त्याची केबल ओढून काढली, जुन्या पायजम्यातून नाडी काढावी तशी. चाकाच्या मध्यभागी एक छोटं लोहचुंबक चिकटवलं आणि समोर दांड्यावर सेन्सर बसवला. दोघांमध्ये नाण्याच्या जाडीएवढी फट राहील याची काळजी घेतली. चाक फिरलं की चुंबक सेन्सरसमोरून जाणार आणि मीटर फेरे धरणार. आता एका फेऱ्यात गाडी किती पुढे जाते ते मीटरला सांगायचं होतं. मेकॅनिकने टायरवर आणि खाली फरशीवर खडूची रेघ मारली आणि गाडी ढकलायला लागला.

"थांब, मी बसतो," मास्तर म्हणाले. "माणूस बसला की टायर दबतो, फेरा आखूड होतो."

"हे मात्र विसरला नाहीत."

मास्तर गाडीवर बसले, मेकॅनिकने ढकललं, खडूची रेघ फिरून पुन्हा खाली आली, तिथे दुसरी खूण झाली. टेपने घेतलेलं माप बटणं दाबून मीटरमध्ये भरलं. मग स्पार्क प्लगच्या वायरभोवती एक बारीक तार गुंडाळली, म्हणजे इंजिनाचे फेरेही मीटरला कळतील. मास्तरांना हे सगळं बघायला आवडत होतं. यात कुठेच ऐकायचं नव्हतं, आणि ज्या कामात ऐकायचं नसतं त्यात ते अजून पहिल्यासारखेच होते.

मेकॅनिकने शेवटचा परिच्छेद वाचला आणि कागद घडी घालून खिशात टाकला. "आता फक्त गिअर शिकवायचे याला. चाकाच्या आणि इंजिनाच्या फेऱ्यांवरून ओळखतो, पण स्वतःहून नाही. आपण प्रत्येक गिअरमध्ये गाडी एकसारखी पळवायची आणि हे बटण दाबून धरायचं. आकडा लुकलुकायचा थांबला की तो गिअर याने लक्षात ठेवला. मग पुढचा."

"मग कर की."

"मी?" मेकॅनिकने दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या. "तुमच्यासमोर मी कान चालवू? ज्या माणसाने मला गिअर ऐकायला शिकवलं तो इथे उभा असताना? अहो, हे तुमचंच काम."

मास्तर अडकले. नाही म्हणायला एकच कारण होतं आणि ते सांगण्यासारखं नव्हतं. त्यांनी हेल्मेट चढवलं, गाडीला किक मारली आणि गॅरेजमागच्या सरळ रस्त्याला लागले. मीटरवर एकचा आकडा लुकलुकत होता. पहिला गिअर टाकून त्यांनी गाडी धरली, डाव्या अंगठ्याने बटण दाबलं. एक स्थिर झाला आणि दोन लुकलुकायला लागला.

मास्तरांनी बुटाच्या टोकाने लेव्हर वर उचलली. लेव्हर अर्धवट गेली आणि परत आली. गिअर पडलाच नाही. एरवी हे मास्तरांना लेव्हर परत यायच्या आत कळलं असतं, कारण गिअर वर गेला की इंजिनाचा आवाज उतरतो, आणि इथे तो उतरला नव्हता. पायालाही काहीतरी खटकलं. पण डोळे त्या लुकलुकणाऱ्या दोनवर खिळले होते, अंगठा बटणावर होता, वेग एकसारखा ठेवायचा होता. दोन स्थिर झाला. मग त्यांनी तीन शिकवला, मग चार. मीटर मोठा आज्ञाधारक विद्यार्थी निघाला. उलट प्रश्न न विचारता जे सांगितलं ते त्याने पाठ केलं. गाडीच्या दुसऱ्या गिअरला तो आता तीन म्हणणार होता, तिसऱ्याला चार. खऱ्या चौथ्याला नाव उरलं नव्हतं आणि दोन नावाचा गिअर कुठेच नव्हता.

घरी येताना एकानंतर एकदम तीन दिसला तेव्हा मास्तर चपापले. आपला पाय दोनदा पडला वाटतं, असं त्यांना वाटलं. कानावरचा विश्वास गेला होता, आता पायावरचाही गेला. मीटर मात्र नवा होता, तो कशाला चुकेल?

"मोजा कुठाय?" मैदानात गाडी बघताच सून म्हणाली.

"मोजा निवृत्त झाला. आता हे."

ती त्या नारिंगी आकड्याकडे बघून हसली. तिला बरं वाटलेलं दिसलं. कानाने जमत नाही, आता डोळ्यांनी तरी जमेल, असं तिच्या मनात आलं असावं. मास्तरांना त्याचं वाईट वाटलं आणि ते मागे बसले.

पहिला फेरा सुरू झाला. खांद्यावरून एक स्पष्ट दिसत होता. मास्तरांनी उजव्या खांद्यावर बोट टेकलं, तिने पाय उचलला आणि तीन आला.

"दोनदा का मारलास?" मास्तर ओरडले.

तिने मान हलवून काहीतरी म्हटलं. मास्तरांनी गाडी थांबवायला लावली, पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा एक, पुन्हा तीन. "पाय हलका ठेव! दुसरा चुकतोय तुझा!" तिसऱ्यांदा तेच. सुनेची मान ताठ झाली होती. हिचाही पाय माझ्यासारखाच दोनदा पडतोय, मास्तरांच्या मनात आलं, आणि तिथे त्यांना थांबून विचार करता आला असता. पण माणूस लपवाछपवीत गुंतला, की साध्या गोष्टींचा विचार करायला त्याला सवड नसते.

"असू दे. पुढे चल. चौथा टाक."

तिने टाकला. चार उजळला. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. गाडी मैदानाच्या कडेकडेने पळत होती, आकडा ठसठशीत होता, आणि पोरीचे खांदे अस्वस्थ हलत होते. तिने पुन्हा पाय लेव्हरखाली घातलेला त्यांना दिसला.

"पाय काढ! चौथ्याच्या पुढे गिअर नाही!"

तिने पाय काढला आणि पुन्हा घातला.

"मीटर बघ!" मास्तर गरजले. "तिकडे बघ, मीटर बघ!"

हे शब्द त्यांच्याच तोंडून निघाले होते. ते त्यांनाही जाणवलं असावं, कारण त्यांनी पुढचं वाक्य गिळलं. तेवढ्यात सुनेने गाडी झटकन डावीकडे, भिंतीलगत घेतली आणि क्लच धरून थांबवली. मास्तर रागाने काही म्हणणार, इतक्यात त्यांच्या उजव्या कोपराजवळून, मैदानातून आडवाटेने निघालेला पाण्याचा टँकर गेला. प्रचंड मोठा, धुळीचा लोट उडवत. ड्रायव्हर खिडकीतून हात बाहेर काढून तावातावाने काहीतरी सांगत होता. तो किती वेळ मागे होता आणि किती हॉर्न वाजवत होता, देव जाणे.

धूळ बसली. सुनेने हँडलवरच्या बटणाने इंजिन बंद केलं. तिच्या हेल्मेटची मागची बाजू स्थिर होती. ती बोलत होती की गप्प होती, हे मास्तरांना कळायला मार्ग नव्हता. मास्तर वाट बघत बसले. मग तिने हेल्मेट काढलं, सीटवर वळून बसली आणि त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

"मी तुम्हाला तीनदा विचारलं, बाबा."

"हो, ऐकलं की. तिसरा गिअर..."

"गिअरचं नाही विचारलं." ती हळूहळू, एकेक शब्द सुटा करून बोलली. "तुम्हाला ऐकू येतं का, असं विचारलं."

मास्तरांनी टँकर गेला त्या दिशेने पाहिलं. मग मीटरकडे पाहिलं. किल्ली फिरवलेलीच होती, त्यामुळे मीटर अजून उजळलेला होता.

"नाही येत," ते म्हणाले.

लाज वाटली. म्हातारपणी माणसाला जितकी वाटू शकते तितकी सगळी एकदम वाटली. आणि तिच्या मागोमाग, घट्ट बूट काढल्यावर पायाला वाटतं तसं वाटलं. सून मात्र विरघळली नाही. तिचा पारा चढला.

"आणि मला सांगत होता, पाय हलका ठेव! मी रात्री झोपत नाही, बाबा. मला वाटतंय माझ्यातच काहीतरी खोट आहे. तो टँकर चढला असता ना दोघांवर!"

"चूक माझी आहे. तुझा पाय चांगला आहे. पहिल्या दिवसापासून चांगला आहे." एवढं बोलून मास्तर गाडीवरून उतरले. "दुसऱ्या कुणाकडे तरी शीक. मी सांगतो एकाला."

मग तिने गाडीला किक मारली.

"आधी हे सांगा, ही चौथ्यात होती का? मला नाही वाटत. फार ओरडत होती."

"कशी ओरडत होती?" मास्तरांनी सवयीने विचारलं.

"म्हणजे... दोन मुलं एका खेळण्यावरून भांडतात ना, तशी. वरच्या पट्टीत. आणि पायाखाली बारीक थरथर."

मास्तरांनी डोळे मिटले. ती जे शब्दांत सांगत होती ते त्यांना ऐकू आलं. अगदी आतून, पूर्वीसारखं.

"हा तिसरा," ते म्हणाले. "तिसराच. चौथा असा नसतो. चौथा म्हणजे पंगत उठल्यावर घरात होतं तसं शांत." मग त्यांना सगळाच घोळ उमगला. लेव्हर अर्धवट आलेली आठवली, पायाला खटकलेलं आठवलं. "मूर्खपणा माझा. मी मीटरलाच चुकीचं शिकवलं."

त्या दिवशी त्यांनी मीटर पुसून कोरा केला आणि पुन्हा शिकवायला घेतला. या वेळी गाडी तिची आणि कानही तिचेच. मास्तर मागे बसले. प्रत्येक गिअरनंतर ती मैदानाच्या टोकाला थांबायची, वळायची आणि आवाज कसा होता ते सांगायची. तिच्याकडे आवाजांसाठी भलतेसलते शब्द होते. दुसऱ्याला ती म्हणाली, "आई रागावून भांडी घासतात तसा." मास्तर हसत सुटले. हा दुसराच, दुसरा कुणी असूच शकत नाही, दाब बटण. मीटरने चारही गिअर ओळीने, बरोबर पाठ केले. मग मास्तरांनी सीटखालून मोजा काढला आणि तिच्या हातात दिला. तो तिने मीटरवर चढवला. उरलेले धडे तसेच झाले. ती ऐकायची, थांबून मागे वळून सांगायची, आणि मास्तर बरोबर की चूक ते खांद्यावर बोट टेकून कळवायचे. ते बोट आता चुकत नव्हतं.

घरी तिनेच सासूला सांगितलं. सासू बराच वेळ मास्तरांकडे बघत राहिली. इतकी वर्षं त्यांच्या कानामागे गेलेल्या किती गोष्टी माफ करायच्या आणि किती नाही याचा ती हिशोब लावत असावी. मग कपाट उघडून तिने बाहेर जायचे कपडे काढले आणि मास्तरांना कानांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. यंत्र मिळालं. त्यात ताटांचा खणखणाट आणि वर्तमानपत्राची घडी फार मोठ्याने ऐकू येते, आणि इंजिन मात्र पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखं. मैदानात वाऱ्याचा नुसता घोंघाट होतो, म्हणून तिथे मास्तर ते खिशात ठेवतात. मीटर त्यांना आवडायला लागला आहे. बाजारात जाताना ते त्या नारिंगी आकड्याकडे बघून गिअर टाकतात आणि तो खोटं बोलत नाही याची त्यांना खात्री आहे, कारण त्याला कुणी शिकवलं ते त्यांना माहीत आहे.

सुनेला लायसन्स मिळालं. हेल्मेटची खूण कपाळावर घेऊन ती घरी येते, आणि कुणाच्या घरी कुत्रं अंगावर आलं, कुणी रक्त बघून चक्कर येऊन पडलं, हे जेवताना सांगते. मास्तरांकडे तोंड करून सांगते.

परवा शेजारची शिवणकाम करणारी बाई विचारायला आली, मला शिकवाल का म्हणून. मास्तरांनी नाही म्हटलं नाही आणि गुडघ्याचंही नाव काढलं नाही. "मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. "सून शिकवते."

सुट्टीच्या दिवशी सकाळी तिघं मैदानात गेली. मास्तर कारखान्याच्या भिंतीपाशी, उलट्या ठेवलेल्या पिंपावर बसले. लांबवर शिवणवाल्या बाई हँडल दोन्ही हातांनी गच्च धरून बसल्या होत्या आणि त्यांची चांगलीच पाचावर धारण बसलेली दिसत होती. सुनेने सीटखालून करडा मोजा काढला, मीटरवर चढवला, मागून सुतळी आवळली. मग त्या बाईंच्या शेजारी उभी राहून ती काहीतरी म्हणाली. दोनच शब्द. यंत्र मास्तरांच्या खिशात होतं आणि वारा उलट्या दिशेचा होता. मास्तरांनी ते तिच्या ओठांवर वाचले.

"इंजिन ऐक."